लेकी, सण आणि रविवारची सकाळ

(गणेशोत्सवातील महिलांच्या सत्रात केलेले भाषण. हैदराबाद)



महिला शाखेच्या ताईंनी फोन करून ‘लेकी वाढवताना’ या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी म्हटले, “अहो, मी काही मानसशास्त्राची प्राध्यापिका नाही. उभा जन्म बँकेच्या काउंटरवर गेला.” त्या म्हणाल्या, “तेच सांगा. पुस्तकातले आम्ही वाचू.” म्हणून आज जे सांगणार आहे ते पुस्तकातले नाही. एका घरातले आहे. तुमच्या घराशी जुळले तर घ्या, नाही जुळले तर प्रसाद घेऊन सोडून द्या.

माझे माहेर परभणीचे. 1993 साली लग्न होऊन मी हैदराबादला आले. आपल्यापैकी अनेकींसारखीच मीही देवगिरी एक्स्प्रेसची माहेरवाशीण! आपल्या मराठवाड्याला हे शहर परके नाही. 1956 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होते. माझे आजोबा कोर्टाच्या कामाला ‘राजधानीला’ जायचे म्हणजे इथेच यायचे. तरीही नव्या नवरीला भाषा, पाणी, माणसे सगळे नवेच असते. इथल्या भाजीवाल्या मावशीने पहिल्याच दिवशी “नक्को क्या अम्मा?” असे विचारले, आणि त्या एका ‘नक्को’ने मला धीर आला. आपल्याच घरचा शब्द, फक्त जरा जोर लावून म्हटलेला.

माझी थोरली 1996 साली झाली, धाकटी 2001 साली. थोरलीच्या वेळी सगळे म्हणाले, “पहिली बेटी, धनाची पेटी.” धाकटीच्या वेळी ही म्हण कोणाला आठवली नाही. भेटायला येणाऱ्या बायका बाळाच्या अंगावरचे दुपटे बाजूला करून बघायच्या आणि “असू दे, असू दे” म्हणायच्या. काय असू दे? बाळ निरोगी होते, वजन छान होते, रडणे खणखणीत होते. जिथे बाळंत झाले तिथल्या आयांनी माझ्या सासऱ्यांना सांगितले, “मुलगा झाला असता तर पाचशे घेतले असते, मुलगी आहे, शंभरच द्या.” माझे सासरे शांत माणूस. त्यांनी पाचशेची नोट काढून दिली आणि म्हणाले, “आमच्या घरी दोन भाव नाहीत.”

मैत्रिणींनो, हे वाक्य मी त्या दिवशी गाठीला मारून ठेवले. मुली कशा वाढवायच्या असे कोणी विचारले तर माझे पहिले उत्तर हेच, की घरात दोन भाव नकोत. आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. धाकटीचा जन्म झाला त्याच 2001 साली जनगणना झाली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे देशात 927 मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा 945 होता, आणि 2011 मध्ये तो आणखी खाली गेला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 सालीच झालेला होता. म्हणजे कायदा होता, दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, आणि तरीही मुली कमी होत होत्या. शंभर आणि पाचशे यांतला तो फरक शेवटी कुठवर जातो, हे या आकड्यांत दिसते.

आता आपल्या सणांकडे बघू. आपण गणपतीत जमलो आहोत म्हणून सांगते, या दहा दिवसांत बाप्पाच्या बरोबरीने कोणाचा मान असतो? गौरींचा. आमच्या मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांची माहेरवाशीण. तिच्यासाठी दारापासून देवघरापर्यंत पावले काढायची, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या करायच्या, आणि जाताना तिची ओटी भरायची. आमच्या घरच्या महालक्ष्म्या दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. धाकटी चार वर्षांची असताना एकदा आरास बघत उभी होती. तिने विचारले, “आई, या दोघी बहिणीच ना? यांना भाऊ नाही?” मी म्हटले, “नाही.” तर म्हणाली, “मग यांना कोणी ‘असू दे’ म्हणत नाही वाटतं.” चार वर्षांच्या पोरीच्या कानावर काय काय पडत असते आणि ती काय साठवून ठेवते, हे तेव्हा कळले. ज्या घरात दोन बहिणींना पाटावर बसवून पूजतात, त्या घरात दोन मुली झाल्या म्हणून उसासा टाकायचा, हे काही जुळत नाही हो.

आपण तेलंगणात राहतो, म्हणून आपल्याला दुसरी गौरीही मिळाली आहे. भाद्रपद अमावास्येपासून अष्टमीपर्यंत इथे नऊ दिवस बतुकम्मा असते. आमच्या कॉलनीतल्या शेजारीण अम्मांनी 2003 साली माझ्या मुलींना पहिल्यांदा हाताला धरून नेले. ताटात फुलांचे थर गोल गोल रचायचे. तंगेडु म्हणजे आपला तरवड, गुनुगु म्हणजे आपला कुरडू, बंति म्हणजे झेंडू. आणि सगळ्यात वर हळदीची केलेली गौरम्मा. म्हणजे तिथेही गौरीच! मग सगळ्या बायका भोवती फेर धरून, टाळ्या वाजवत गातात आणि शेवटी ती फुले तळ्यात सोडतात. मी बघत राहिले. आपल्याकडे हत्तीचे चित्र मधे ठेवून भोंडल्याचा फेर, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. नावे वेगळी, पण वर्षातून काही दिवस बायकामुलींनी घराबाहेर पडावे, मोठ्याने गावे, सासर-माहेरचे मन मोकळे करावे, ही सोय दोन्हीकडच्या आजी-पणजींनी करून ठेवली आहे.

त्या वर्षापासून आमचा नेम ठरला. शेजारीण अम्मा आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला येतात, आणि माझ्या मुली त्यांच्याकडे बतुकम्मा रचायला जातात. 2014 मध्ये तेलंगण राज्य झाले आणि बतुकम्माला राज्याच्या सणाचा मान मिळाला, तेव्हा अम्मा म्हणाल्या, “तुझ्या मुलींना आता सरकारी सुट्टी!” बाहेरच्या प्रांतात मुली वाढवताना आपल्याला भीती वाटते, की त्या आपले विसरतील. माझा अनुभव उलटा आहे. शेजाऱ्यांचे चांगले मनापासून घेतलेल्या मुलींना आपलेही समजून घ्यावेसे वाटते. तरवडाचे फूल दाखवून “याला तुमच्यात काय म्हणतात?” असे अम्मांनी विचारले नसते, तर माझ्या मुलींना ‘तरवड’ हा मराठी शब्द कधी कळलाच नसता.

आता मराठीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वहीची गोष्ट सांगते. माझ्या यजमानांची नोकरी कारखान्यात, तीन पाळ्यांची. दुसऱ्या पाळीचा आठवडा आला की ते दुपारी एकला घर सोडायचे आणि रात्री अकराला यायचे. मुली चार वाजता शाळेतून यायच्या, नऊला झोपायच्या. सकाळी त्यांची सातची बस, तेव्हा बाबा गाढ झोपलेले. एका घरात राहून बाप-लेकींची सहा सहा दिवस भेट नाही. थोरली सात वर्षांची असताना एकदा मला म्हणाली, “बाबा गावाला गेलेत का?” हे ऐकून यजमान दिवसभर गप्प होते. पाळी बदलून मिळणे शक्य नव्हते. घराचे हप्ते होते.

मग त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मुलींनी झोपण्यापूर्वी त्यात बाबांसाठी काहीतरी लिहायचे, बाबांनी रात्री आल्यावर उत्तर लिहायचे. अट एकच, मराठीत लिहायचे. मुलींच्या शाळेत मराठी नव्हते, तेलुगु, हिंदी आणि इंग्रजी होते. देवनागरी हिंदीमुळे येत होती, पण ‘ळ’ कुठून येणार? पहिल्या पानावर थोरलीने लिहिले आहे, “बाबा आज शालेत फल्यावर मला उभं केलं.” खाली बाबांचे उत्तर, “शाळेत, फळ्याजवळ. उभं का केलं ते उद्या लिही. लाडू डब्यात आहे.” हळूहळू पाने वाढत गेली. गणिताची तक्रार, मैत्रिणीशी कट्टी, आईने मारलेली हाक, भांडण कोणी सुरू केले याचे दोन्ही बाजूंचे अर्ज, आणि बाबांचा निकाल! धाकटी लिहायला लागण्याआधी चित्रे काढायची. बाबा चित्राला चित्रानेच उत्तर द्यायचे, आणि माझ्या यजमानांचा हत्ती आणि घोडा यांत फारसा फरक नसायचा. अशा एकूण अकरा वह्या भरल्या. आजही त्या आमच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी आहेत. मुलींना मराठी लिहिता-वाचता कसे येते असे लोक विचारतात. शिकवणी लावली नाही. बापाची भेट मराठीतच होत होती, म्हणून मराठी आले.

म्हणून मी नेहमी सांगते, कुटुंबासाठी ‘वेळ मिळत नाही’ हे खरे आहे. तो मिळत नाहीच, तो काढून ठेवावा लागतो. पगार झाल्यावर जसे आधी हप्त्याचे पैसे बाजूला काढतो आणि मग खर्च करतो, तसे. उरलेल्या पैशांतून बचत करणाऱ्यांची पासबुके मी तीस वर्षे बघितली आहेत. त्यांत काही उरत नाही. उरलेल्या वेळातून मुलांना द्यायचा वेळही तसाच, काही उरत नाही.

आमचा काढून ठेवलेला वेळ म्हणजे रविवारची सकाळ. त्या दिवशी बाबांना सुट्टी, मला सुट्टी. आठ ते अकरा आमच्या घरी कोणी शिकवणी, खरेदी, पाहुणे काही ठरवायचे नाही असा दंडक. फराळ ठरलेला, मराठवाड्याचा सुशीला. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी, वरून दाण्याचे कूट आणि कोथिंबीर. दहा मिनिटांत होतो आणि तो बाबा करायचे. हे महत्त्वाचे आहे. मुलींना आपण ‘घरकाम शिक’ म्हणतो. बापाला फोडणी घालताना बघितलेल्या मुलीला पुढे नवऱ्याकडून काय अपेक्षा करायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

फराळ झाला की जमिनीवर खडूने घर आखायचे आणि अष्टचंग खेळायचे. इथे त्याला अष्टाचम्मा म्हणतात. फासे म्हणजे चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणत असू, या खेळात कोणाचे ऐकायच्या नाहीत. नातीची सोंगटी घराच्या तोंडाशी आलेली असली तरी निर्दयपणे मारायच्या. धाकटी रडायला लागली की म्हणायच्या, “रड, पण डाव सोडू नको. परत चार पडतील.” मुलगी म्हणून तिला मुद्दाम जिंकू दिले नाही, आणि मुलगी म्हणून हरायलाही शिकवले नाही. मला वाटते, पुढे स्पर्धापरीक्षेत दोनदा अपयश येऊनही धाकटी तिसऱ्यांदा बसली, त्याचा पाया त्या खडूच्या घरात घातला गेला.

आणि हैदराबादने तर साऱ्या देशाला दाखवून दिले आहे, की मुलींना डाव खेळू दिला तर काय होते. सानिया मिर्झा याच शहरात टेनिस शिकली. मिताली राजने इथेच बॅट धरली. हिसारहून आलेल्या कुटुंबातली साईना नेहवाल 2012 मध्ये लंडनहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आली, आणि पी. व्ही. सिंधूने 2016 मध्ये रिओत रौप्य आणि 2021 मध्ये टोकियोत कांस्य मिळवले. सिंधूचे आई-वडील दोघेही व्हॉलीबॉलपटू. या प्रत्येक घरात पहाटे उठून मुलीला सरावाला नेणारे कोणीतरी होते. आपल्या सगळ्यांच्या मुली ऑलिम्पिकला जाणार नाहीत. पण पहाटे उठून नेण्याइतके त्यांचे काम महत्त्वाचे आहे, असे त्यांना घरातून वाटले पाहिजे.

आता एक नाजूक गोष्ट. इथे बायकाच जास्त आहेत म्हणून बोलते, आणि पुरुषांनीही ऐकावी. थोरली पंधरा वर्षांची असताना महालक्ष्म्यांच्या नेमक्या जेवणाच्या दिवशी तिची पाळी आली. सकाळपासून रांगोळीच्या तयारीत असलेली पोर एकदम खोलीत जाऊन बसली. घरात पाहुण्या बायका होत्या. कोणी म्हणाले, तिचे ताट आत द्या. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या कडक सोवळ्याच्या. मनात म्हटले, आता आज वाद होणार. आई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नैवेद्याचा स्वयंपाक मी सोवळ्यात केला आहे, तो तसाच राहील. पण ही पंगतीत बसेल. माहेरवाशिणीच्या जेवणाला लेकीलाच आत बसवायचे, हे लक्ष्मीला आवडेल का?” थोरली पंगतीत बसली. प्रत्येक घराची रीत निराळी असते आणि ती मोडा असे मी सांगायला आले नाही. पण रीत पाळताना पोरीची मान खाली जाते की वर राहते, एवढे बघता येते. ऐंशीच्या घरातल्या बाईला ते जमले, तर आपल्याला का जमू नये?

मग भीतीचा विषय. मुलीची आई म्हटली की तिच्या घड्याळात एक काटा जास्त असतो. साडेसात झाले, पावणेआठ झाले, अजून आली नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये शमशाबादजवळ जे घडले त्याने आपल्या शहरातल्या प्रत्येक आईचा जीव थरारला. धाकटी तेव्हा कॉलेजात होती आणि संध्याकाळी तिचा क्लास असे. आमच्या नात्यातून, इमारतीतून एकच सल्ला, क्लास बंद करा. तिने फक्त एवढेच विचारले, “आई, चूक त्यांची आणि क्लास माझा बंद?” मला उत्तर नव्हते. त्या रविवारी सुशीला गार झाला, आम्ही चौघे बोलत बसलो. काय करता येईल याची यादी केली. परतीचा रस्ता कोणता, कोणत्या थांब्यावर उजेड आहे, कोणाबरोबर यायचे, बाबा कोणत्या दिवशी घ्यायला जातील, 100 आणि 112 हे क्रमांक, आणि 2014 पासून पोलिसांची ‘शी टीम’ आहे तिला कसे कळवायचे. क्लास चालू राहिला. काळजी गेली नाही, ती जाणारही नाही. पण काळजीचे कुलूप मुलीच्या दाराला लावायचे नाही, एवढे आम्ही ठरवले.

आता जी गोष्ट सांगते ती काहींना आवडणार नाही, पण सांगितल्याशिवाय माझे बोलणे पुरे होणार नाही. 2008 साली माझे वडील गेले. परभणीजवळ आमची वडिलोपार्जित शेती. तेराव्यानंतर आम्हा बहिणींपुढे एक कागद आला, हक्कसोड पत्र. मराठवाड्यातल्या बायकांना हा कागद ठाऊक आहे. बहिणीने सही करायची, भावाने साडी-चोळी करायची, आणि माहेर ‘उघडे’ ठेवायचे. बँकेत असल्यामुळे वाचल्याशिवाय सही करायची मला सवय नव्हती. मी म्हटले, “वाचते, आणि चार दिवसांनी सांगते.” एवढ्यानेच घरात शांतता पसरली.

या बाबतीत काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जणींना माहीत नसते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क आपल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने 1986 च्या कायद्याने दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये. पण दोन्हीकडे आधी लग्न झालेल्या मुलींना तो नव्हता. माझे लग्न 1993 चे, म्हणजे मी बाहेर! पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित असो वा अविवाहित, सर्व मुलींना तो मिळाला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की 2005 च्या त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर 1956 च्या कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, पत्नी आणि हयात असल्यास वडिलांची आई यांचा वाटा सारखा आहे.

मी सही केली नाही. भावाला सांगितले, “जमीन तूच कस, उत्पन्नही तूच घे, मला आज काही नको. पण सातबाऱ्यावरून माझे नाव काढू नको.” भाऊ रागावला. दोन वर्षे भाऊबीज झाली नाही. त्या दोन वर्षांत मी किती रडले हे माझ्या यजमानांना माहीत आहे. मुली तेव्हा बारा आणि सात वर्षांच्या. त्या बघत होत्या. मला सारखे वाटायचे, मी आज सही केली तर उद्या या दोघींना कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्ही मुलासारख्याच आहात? तिसऱ्या वर्षी दिवाळीत भाऊ स्वतः देवगिरीने आला. भाकरी-ठेचा बांधून आणला होता, वहिनींनी दिलेला. जमिनीविषयी तो काही बोलला नाही, मीही नाही. पण सातबाऱ्यावर माझे नाव आजही आहे, आणि भाऊबीज तेव्हापासून एकदाही चुकली नाही. माहेर सहीमुळे उघडे राहते असे म्हणतात. माझे माहेर सही न करताही उघडे राहिले. प्रत्येकीचे तसे होईल असे मी म्हणणार नाही. पण कागद वाचण्याचा हक्क तरी कोणी सोडू नये.

शेवटची गोष्ट गणपतीची. 2019 मध्ये चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, आणि ऑगस्टच्या अखेरीस माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ते अंथरुणावर. घरातला गणपती कोणी बसवायचा? नात्यातून निरोप आला, “या वर्षी बाप्पा पुतण्याच्या घरी बसवा. पुढेही तिकडेच जाऊ द्या. तुमच्याकडे पुढे करणारे कोण आहे?” बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ‘कोण आहे?’ हे दोन मुलींच्या समोर विचारले गेले. सासूबाईंचे वय तेव्हा सत्त्याऐंशी. ऐकू कमी यायचे, पण हे बरोबर ऐकू आले. त्या म्हणाल्या, “या दोघी काय आहेत, आरास?”

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांना पौरोहित्य शिकवून कितीतरी वर्षे झाली. तेव्हा हे काही जगावेगळे नव्हते. आमच्या गुरुजींनी फोनवर थोरलीला क्रम सांगितला. तिने सोवळे नेसून प्राणप्रतिष्ठा केली, धाकटीने पोथी वाचून साथ दिली. एका मंत्रात ती अडखळली तेव्हा आतून, अंथरुणावरून बाबांनी तो पूर्ण केला. आरती मात्र सगळ्या इमारतीला ऐकू गेली. तेव्हापासून आमच्या घरी मूर्ती मुलीच बसवतात. थोरलीचे 2022 मध्ये लग्न होऊन ती पुण्याला गेली, तरी चतुर्थीला एक वर्ष इकडे, एक वर्ष सासरी अशी पाळी तिने आणि जावईबापूंनी ठरवून घेतली आहे. जावईही येतात, आणि सुशीला आता तेच करतात. सासूबाई 2021 मध्ये गेल्या. कवड्या थोरलीने मागून नेल्या.

आता दोन मागण्या, आणि मी बसते. पहिली मागणी घराघरांत. आठवड्यातले तीन तास काढून ठेवा. मोबाइल एका टोपलीत, टोपली फ्रिजवर. त्या तीन तासांत मुलांना काही शिकवू नका. नुसते बसा, खा, खेळा, भांडा. शिकायचे ते आपोआप शिकतात. आणि हे फक्त मुलींच्या आयांसाठी नाही. मुलांच्या आयांनो, तुमच्या मुलाला फोडणी शिकवा. माझ्या मुलीसारख्या कितीतरी मुली तुम्हाला दुवा देतील.

दुसरी मागणी मंडळाला. आपल्या उत्सवात मुली रांगोळी काढतात, स्वागताला उभ्या राहतात, नाच बसवतात. फार छान. पण प्रतिष्ठापनेच्या पाटावर, जमाखर्चाच्या वहीत आणि विसर्जनाच्या ट्रकवर त्या मला अजून कमी दिसतात. पुढच्या वर्षी मुख्य मूर्तीची एका दिवसाची पूजा आपल्या मंडळातल्या मुलींच्या हातून व्हावी, आणि हिशेब तपासनीस म्हणून एक तरी मुलगी असावी, असे मी इथे सर्वांसमोर सुचवते. हिशेबात मदत लागली तर ही निवृत्त बँकवाली कधीही हजर आहे. फी म्हणून एक मोदक पुरे!



गणपती बाप्पा मोरया!